वाचनालयाचं संगणकीकरण: हातात तीन लाख, कोटेशन सात लाखांचं

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावातलं वाचनालय, वय शंभरीच्या पुढे. गेल्या सप्टेंबरपासून मी कार्यवाह आहे. (आधीचे कार्यवाह तब्येतीमुळे थांबले आणि त्या सभेला मी उशिरा पोचलो, एवढीच माझी पात्रता.)

दाखलनोंद वहीत २३,५०० पुस्तकं. सभासद ४१२, वर्गणी महिना ५० रुपये. एक ग्रंथपाल बाई, एक शिपाई. गावातल्या एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ तीन लाख दिलेत, अट एकच: "वाचनालय कॉम्प्युटरवर आलं पाहिजे."

एका पुरवठादाराचं कोटेशन आलंय ते असं: सॉफ्टवेअर ९०,०००, आरएफआयडीचे (पुस्तकात चिकटवायच्या, लांबूनच वाचता येणाऱ्या चिपचे) २३,५०० टॅग दहा रुपयांप्रमाणे २,३५,०००, नोंद न करता पुस्तक नेलं की वाजणारं दारातलं गेट १,८५,०००, टेबलावरचा रीडर ४५,०००, प्रशिक्षण ३०,०००. बेरीज ५,८५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ६,९०,३००. दुसऱ्या वर्षापासून देखभाल करार १२ टक्के, वर पुन्हा जीएसटी. कार्यकारिणीतले दोघं म्हणतात की उरलेल्या पैशांसाठी पावती पुस्तकं छापू, गेट दिसायला भारी दिसेल.

आणखी एक भानगड. २०१० च्या सुमारास असाच एक प्रयत्न झाला होता. साधारण ९,००० पुस्तकांची नोंद तेव्हा कुठल्याशा प्रोग्रॅममध्ये झाली. तो प्रोग्रॅम डोंगल (कॉम्प्युटरला खोचायची किल्लीवजा वस्तू) लावल्याशिवाय उघडत नाही, डोंगल सापडत नाही, आणि बनवणाऱ्याचा फोन लागत नाही. फाइल आहे, पण उघडली की सगळं 'द्मद्य' छाप दिसतं.

कुठून हात घालू?

ग्रंथपाल_रजेवर:
दादा, आधी गेटचा हिशोब करा. वर्षाला तुमची किती पुस्तकं चोरीला जातात? सभासदाने घरी हरवली ती नव्हे, दारातून कोणी पिशवीत घालून नेली ती.

कोयनाकाठ:
बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चोरी कसली, लोक आणून देत नाहीत हे दुखणं आहे." न परतलेली वर्षाला तीस-पस्तीस.

ग्रंथपाल_रजेवर:
मग झालं की. पस्तीस पुस्तकं, सरासरी दोनशे रुपये धरा, सात हजार. तीही रीतसर नोंद करून दारातून गेलेली. गेट ती कशी अडवणार? तुम्ही सात हजारांच्या दुखण्यावर जवळजवळ दोन लाखांचा ताईत बांधताय, तोही दुसऱ्याच अवयवाला.

देखभालीचा आकडा तर बघाच. ५,८५,००० चे १२ टक्के ७०,२००, जीएसटी धरून ८२,८३६. तुमची वर्षाची वर्गणी, सगळ्यांनी भरली असं धरलं तरी, २,४७,२००. म्हणजे दर तीन रुपयांतला एक रुपया त्या पुरवठादाराला, कायमचा. मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. यंत्र घेतानाची बेरीज सगळे करतात, पाळतानाची कोणी करत नाही. म्हैस घेताना वैरणीचा विचार करतोच ना आपण?

आरएफआयडी वाईट नाही. दिवसाला दोन-तीन हजार पुस्तकांची देवघेव असेल तिथे वेळ वाचतो. तुमच्याकडे दिवसाला किती?

कोयनाकाठ:
साठ-सत्तर. रविवारी जरा जास्त.

ग्रंथपाल_रजेवर:
बारकोड. विषय संपला.

दप्तरी:
मी विरोधी सूर लावतो, रागावू नका. आमच्या गावच्या वाचनालयाची दाखलनोंद वही १९११ पासूनची आहे. लोडशेडिंगमध्ये बंद पडली नाही, व्हायरस लागला नाही, कोणी पासवर्ड विसरलं नाही. एका कडेला वाळवी लागली, तेवढीच. ग्रंथपालांना 'ती निळ्या कव्हरची, बाईचं चित्र असलेली कादंबरी' म्हटलं की दोन मिनिटांत हातात. हे तुमचं कोणतं सॉफ्टवेअर करेल? तीन लाखांची पुस्तकं घ्या.

रानजाई:
दप्तरी काका, आमच्याकडेही अशाच बाई होत्या. निवृत्त झाल्या आणि अर्धं वाचनालय त्यांच्याबरोबर घरी गेलं. वर्गीकरण त्यांनी स्वतःच्या सोयीने केलेलं, कपाट क्रमांक त्यांच्या डोक्यात. पुढचे सहा महिने मी त्यांच्या घरी फोन करत होते, "काकू, ते नाट्यछटांचं कुठे ठेवलंय?"

दुसरं, जे कोणी बोलत नाही. हे संगणकीकरण शेवटी करतं कोण? सरकारी अनुदानातलं निम्मं वेतनावर आणि निम्मं वेतनेतर खर्चावर, या हिशोबात ग्रंथपालाला महिन्याला जे मिळतं ते इथे लिहायलाही लाज वाटेल. वेतनश्रेणीची मागणी किती वर्षांची आहे ते सगळ्यांना माहीत आहे. आणि त्याच बाईंना सांगायचं, आता पगार तोच, वरून तेवीस हजार पुस्तकं टाईप करा. आमच्याकडे हेच झालं. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त नोंदी अशा झाल्या: लेखक 'अनेक', प्रकाशक 'पुणे', पृष्ठं '०'. दोष त्यांचा नाही.

डेटा एंट्रीचे पैसे वेगळे काढा. तो तुमच्या बजेटमधला सगळ्यात मोठा आकडा असायला हवा.

ग्रंथपाल_रजेवर:
रानजाईला शंभर टक्के अनुमोदन. हिशोब सांगते. शीर्षक, लेखक, प्रकाशक, साल, वर्गांक, दाखल क्रमांक, किंमत भरून आणि स्टिकर लावून एक माणूस दिवसाला शंभर पुस्तकं करतो. पहिल्या आठवड्यात चाळीस, पुढे शंभर. २३,५०० ला २३५ दिवस. दिवसाला पाचशे रुपये दिले तर १,१७,५००. इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकेतून (कॅटलॉगमधून) ओढता येतात, जुन्या मराठी पुस्तकांना ती सोय फारशी नाही. त्यांच्यावर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतोच. हातानेच करायचं.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. एनआयसीचं (केंद्र सरकारच्या संगणक विभागाचं) ई-ग्रंथालयही आहे, पण ते सरकारी ग्रंथालयांसाठी. तुम्ही अनुदानित असलात तरी संस्था न्यासाची, तेव्हा आधी चौकशी करा. इन्फ्लिबनेट या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअर प्रामुख्याने विद्यापीठं-कॉलेजांचं. मी कोहा म्हणेन.

वेलिंग्टनकर:
कोहाचं नाव आलं म्हणून राहवत नाही. मी न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला राहतो, तिथून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर होरोव्हेनुआ नावाचा भाग आहे. शेती, गुरं, लहान गावं. १९९९ मध्ये तिथल्या ग्रंथालय न्यासाला कळलं की आपलं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की कोलमडणार. नवीन विकत घेण्याऐवजी त्यांनी वेलिंग्टनच्या कॅटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून स्वतःचं बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये सुरू केलं आणि मग सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपण लग्नात आहेर देतो तसं, पण त्यात परतफेडीचं एक बंधनही असतं.

सांगायचा मुद्दा असा की हे तालुक्याच्या वाचनालयानेच तालुक्याच्या वाचनालयासाठी केलेलं काम आहे. तिथलं लेव्हिन गाव पाहिलंत तर तुम्हाला कऱ्हाडपेक्षा लहान वाटेल.

दप्तरी:
म्हणजे आहेर घ्यायचा आणि वर मांडववाल्याला पैसे द्यायचे.

पायथनपंत:
दप्तरी काका, अगदी बरोबर बोललात 😄 सॉफ्टवेअर फुकट, पण ते चालवायला लिनक्स (विंडोजच्या जागी वापरायची मोफत यंत्रणा) येणारा माणूस लागतो. एकदा बसवणं दोन दिवसांचं काम आहे, खरी गरज नंतरच्या पाच वर्षांत पडते. जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, बऱ्याच ठिकाणी कोहा चालू असतं.

आता तुमची 'द्मद्य' फाइल. ती मेलेली नाही. जुने मराठी फॉन्ट (श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे) इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. तो फॉन्ट नसला किंवा दुसराच लागला की कचरा दिसतो. फाइल कशाची आहे? नावाच्या शेवटी एमडीबी असेल तर ती मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसची. डोंगल प्रोग्रॅमला लागतो, फाइलला बहुधा नाही. लिनक्सवर एमडीबी-टूल्सने तक्ते बाहेर काढता येतात.

त्यानंतरचं रूपांतर नुसतं 'शोधा आणि बदला' करून होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'कवि' मधली पहिली वेलांटी व च्या आधी येते, युनिकोडमध्ये (आजच्या मराठी टायपिंगच्या प्रमाण पद्धतीत) व आधी आणि वेलांटी मागाहून. रफाराचं उलटं: 'धर्म' मध्ये जुन्या फॉन्टात म नंतर रफार, युनिकोडमध्ये म च्या आधी र आणि हलन्त. त्यामुळे आधी आकार बदलायचे, मग क्रम फिरवायचा, मग माणसाने वाचायचं. ९,००० तल्या हजारभर नोंदींना हात लावावा लागेल असं धरा. तरी नव्याने टाईप करण्यापेक्षा स्वस्त. फाइल पाठवा, मी बघतो. पैसे नकोत, दिवाळी अंक पाठवा.

आणखी एक फास आत्ताच सांगून ठेवतो. 'तऱ्हा' दोन प्रकारे टाईप होतो. एकात खालून ठिपका असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. एकाने असा लिहिला आणि वाचकाने तसा शोधला की पुस्तक सापडत नाही, आणि का ते कोणालाच कळत नाही. 'ॲ' चंही तेच, एक अखंड अक्षर आणि एक अ वर चंद्र काढलेलं. एंट्री करणाऱ्या सगळ्यांना एकच कीबोर्ड द्या. कोहा बसवणाऱ्याला सांगा की शोधासाठी झेब्राची (कोहाच्या आतल्या शोधयंत्राची) मांडणी आयसीयू (सगळ्या लिप्या हाताळणारी) ठेवायची. नाहीतर देवनागरी शोध अर्धवट चालतो.

ताम्हण:
लेखकांच्या नावांचंही ठरवा. आमच्याकडे तिघांनी एंट्री केली. कुसुमाग्रज एका ठिकाणी, शिरवाडकर वि. वा. दुसऱ्या ठिकाणी, वि.वा.शिरवाडकर बिनजागेचे तिसऱ्या ठिकाणी. शोधणाऱ्याला तीन लेखक. लेखकांची प्रमाण यादी आधी करा, मगच एंट्रीला बसा.

रानजाई:
कोयनाकाठ, एक सुचवू? सगळी तेवीस हजार करूच नका.

तुमच्या पुस्तकांच्या शेवटी तारीखपट्टी असेल. कपाटासमोर उभं राहा आणि गेल्या दोन वर्षांतला शिक्का असलेली पुस्तकं वेगळी काढा. आम्ही काढली तेव्हा एकोणीस हजारांतली साडेतीन हजारच निघाली. तेवढीच हलती, बाकी बसलेली. हलत्यांची नोंद आधी. बसलेल्यातलं एखादं कोणी मागितलं तर टेबलावर आलं की त्याच क्षणी नोंद. दीड महिन्यात आमची देवघेव कॉम्प्युटरवर सुरू झाली. उरलेली अजून चालू आहेत, घाई कसली?

त्याआधी ग्रंथ पडताळणी करून घ्या. वहीत आहे आणि कपाटात नाही अशा पुस्तकांची नोंद करण्यात आमचे चार दिवस फुकट गेले. फाटकी, कालबाह्य झालेली नियमाप्रमाणे बाद करा. १९९४ ची दहावीची गाइडं कशाला कॉम्प्युटरवर चढवता?

हिशेबनीस:
मी बरीच न्यासांची खाती बघतो म्हणून पैशांबद्दल. देणगीदारांकडून एक पत्र घ्या: रक्कम 'संगणकीकरण व त्याची देखभाल' यासाठी. 'देखभाल' हा शब्द पत्रात असू द्या. नसला तर पहिल्या वर्षी सगळे पैसे वस्तूंवर उडवावे लागतात, नंतर सर्व्हरच्या भाड्याला दमडी नसते आणि लेखापरीक्षक प्रश्न विचारतो. तीनपैकी एक लाख मुदत ठेवीत टाका, व्याजातून भाड्याचा बराच भाग निघेल.

यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते. हा खर्च कोणीच धरत नाही आणि दर वेळी आकस्मिक म्हणून लिहितात. दर तिसऱ्या वर्षी येणारा खर्च आकस्मिक कसा?

संगणकासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनाही आहेत, अर्ज ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटा. पण ते पैसे येतील तेव्हा येतील, बजेट त्यांच्या भरवशावर मांडू नका.

थेम्सकाठ:
(नाव आधीपासून आहे, कोयनाकाठ यांची नक्कल नाही.) बॅकअपबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणी दिली नाही, चोरांनी सुमारे ६०० जीबी माहिती बाहेर टाकली. मी जुनी मराठी छापील पुस्तकं बघायला जातो. जानेवारी २०२४ च्या मध्यापर्यंत ऑनलाइन तालिकाच नव्हती, आली तीही नुसती शोधण्यापुरती. मार्चमध्ये त्यांनी स्वतःच अहवाल काढून सगळं कबूल केलं. त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे डिजिटल संग्रहाच्या प्रती शाबूत होत्या, पण त्या परत चढवायला धड यंत्रणा उरली नव्हती. जुनी सॉफ्टवेअरं पुन्हा उभीच राहीनात.

तेव्हा बॅकअप घेता का, हा प्रश्न अपुरा आहे. दुसऱ्या मशीनवर चढवून पाहिलात का?

ताम्हण:
आणि सभासदांच्या आधारच्या झेरॉक्स स्कॅन करून त्याच कॉम्प्युटरवर ठेवू नका. २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा आहे. पुस्तक द्यायला नाव, पत्ता, फोन पुरतो.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे आभार. पुढच्या रविवारी कार्यकारिणी आहे. गेटवाल्यांना कसं तोंड देऊ ते बघतो.

कोयनाकाठ (पाच महिन्यांनी):
धागा वर काढतोय. काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य.

गेट नामंजूर झालं, मतदानाने, चार विरुद्ध तीन. पस्तीस पुस्तकांचा हिशोब कामी आला. तरी एक सदस्य अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पडताळणीत १,९०० पुस्तकं वहीत होती पण कपाटात नव्हती. सभेत सन्नाटा. मग बाईंनी शांतपणे सांगितलं की २००५ च्या पुराच्या वेळी भिजलेली पोत्यात भरून माळ्यावर ठेवली होती, बाद करायचा ठराव झालाच नाही. पोती अजून होती. वीस वर्षं आम्ही ती पुस्तकं मोजत होतो.

तारीखपट्टीचा उपाय केला. हलती निघाली ४,८००. गावातल्या दोन पदवीधर मुली लावल्या, पाचशे रुपये रोज. बाईंना एंट्री दिली नाही. त्या फक्त तपासतात आणि त्याचं वेगळं मानधन ठरावात घेतलं. शिकण्याचे दिवस धरून दोघींचे मिळून ५६ दिवस, २८,००० रुपये. पायथनपंतांनी जुन्या फाइलमधल्या ८,६०० नोंदी सोडवून दिल्या, त्यातल्या बऱ्याच आता जुळवून घेतोय. (अंक पोचले ना?)

बाकीचा खर्च: नवा संगणक ३८,०००, जुन्याला रॅम आणि एसएसडी घालून लिनक्स ४,५००, दोन स्कॅनर ४,४००, यूपीएस ६,०००. भाड्याचा सर्व्हर महिना ९००. स्टिकर साध्या लेझर प्रिंटरवर. लाख ठेवीत गेलाय, 'देखभाल' पत्रात आहे. खात्यात अजून लाखभर शिल्लक आहे आणि त्याचंच लोकांना जास्त आश्चर्य वाटतंय.

आता फजिती. थेम्सकाठ यांचं ऐकून दुसऱ्या मशीनवर बॅकअप चढवायला गेलो. रोज रात्री फाइल तयार होत होती, नाव बरोबर, तारीख बरोबर. आकार शून्य. सर्व्हरची जागा भरली होती आणि तीन आठवडे रोज एक रिकामी फाइल आम्ही भक्तिभावाने पेनड्राइव्हवर घेत होतो. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई स्वतः चढवून बघतात आणि वहीत सही करतात. हो, वहीत.

दुसरी चूक स्टिकरची. मलपृष्ठाच्या बाहेर लावले. हाताच्या घामाने दोन महिन्यांत सव्वाशे बारकोड पुसले गेले. आता आत, शीर्षकपानाच्या मागे, वर पारदर्शक टेप.

दप्तरी:
अभिनंदन. एक विचारतो, दाखलनोंद वही बंद केलीत का?

कोयनाकाठ:
नाही काका. नवीन पुस्तक आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. तपासणीला अजून वहीच मागतात.

दप्तरी:
बरं. आणि निळ्या कव्हरची कादंबरी?

कोयनाकाठ:
त्यासाठी बाईंनी टिपेच्या रकान्यात कव्हरचा रंग भरायला सुरुवात केलीय. मुलींना वेड लागायची पाळी आली आहे. 'निळं' आणि 'निळसर' वेगळं धरायचं का, यावर काल अर्धा तास गेला.

ताम्हण:
प्रमाण यादी करा 😀